वजनकाटा काय सांगत नाही?

बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या शाळेत आरोग्य तपासणी चालू आहे, अशी कल्पना करा. नववीतली दोन मुले काट्यावर उभी राहतात. उंची सारखी, वजनही सारखे. मग त्यांची शरीरेही आतून सारखीच असतील काय? तसे सांगता येणार नाही. हाडे, स्नायू आणि चरबी यांतला फरक काट्याला कळत नाही.

२००४ साली दोन डॉक्टरांनी स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा अंक दोघांचाही २२.३ होता. पण क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली! असे का व्हावे? युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी तिथवर धावणे, असे त्यांनीच गमतीने लिहिले. शिवाय याज्ञिकांचे जन्मवेळचे वजन कमी होते.

जन्मवजनाचा चरबीशी काय संबंध? १९९३ मध्ये याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे हडकुळी, त्यांचे स्नायू कमी; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. गर्भात पोषण अपुरे पडले, तर शरीर आधी मेंदूला जपते आणि स्नायूंच्या वाढीत काटकसर करते, असे शास्त्रज्ञ मानतात.

ही काटकसर पुढे महागात पडू शकते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या मदतीने मुख्यतः स्नायूंत साठवली जाते. स्नायू थोडे आणि चरबी जास्त असेल, तर इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो व मधुमेहाचा धोका वाढतो.

जन्मवजन बदलता येत नाही. स्नायू मात्र वाढवता येतात. काम करणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतो. म्हणून ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कबड्डी, खो-खो, दंड-बैठका, शाळेपर्यंत सायकल, काहीही चालेल. बारीक मुलांनी जेवण मात्र तोडू नये. अन्नावाचून स्नायू वाढत नाहीत.

त्याच ६ खेड्यांत पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जास्त वजनाची होती. तेव्हा मुलींच्या ताटात या गोष्टी आहेत ना, आणि खेळाच्या तासाला त्याही मैदानावर असतात ना, हे घरी व शाळेत आवर्जून पाहावे.