संगणकावरील खेळ आणि ट्रॉम्ब्याचें गिऱ्हाईक

एखाद्या वस्तूस बाजार आहे कीं नाहीं, हें तिच्या मागणीवरून ठरतें असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मागणी असावी, खिशांत पैसा असावा, विकणाराही राजी असावा, आणि तरीही वस्तु गिऱ्हाइकाच्या हातीं पडूं नये, असें पुष्कळदां घडतें. ज्यांस घरोघरचीं मुलें 'पीसी गेम' म्हणतात, त्या संगणकावरील खेळांच्या बाबतींत मुंबईच्या उपनगरांनीं हा अनुभव बरींच वर्षें घेतला. पैजा लावून पैसे घालविण्याचे खेळ निराळे. त्यांचा येथें विचार नाहीं.

ट्रॉम्ब्याचें उदाहरण मुद्दाम घेण्याजोगें आहे. 1954 सालीं येथें अणुशक्तीची संस्था उभी राहिली, 1956 सालीं 'अप्सरा' ही अणुभट्टी चालूं झाली, आणि 1967 सालीं संस्थेस होमी भाभांचें नांव मिळालें. अणुशक्तिनगरांत शास्त्रज्ञांचीं व तंत्रज्ञांचीं बिऱ्हाडें आहेत. संगणक म्हणजे काय हें ज्यांस समजावून द्यावें लागत नाहीं, अशीं हीं घरें. शेजारीं कोळीवाडा आहे, चीता कॅम्पची दाट वस्ती आहे, आणि तेथील मुलांनाही खेळाची हौस कमी नाहीं. पण खेळ विकणाऱ्यांच्या नकाशावर ट्रॉम्बे नव्हतें.

हा बाजार होता लॅमिंग्टन रोडवर. महापालिकेच्या दप्तरीं त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तें तोंडीं कोणाच्या बसलें नाहीं. ट्रॉम्ब्याहून निघालेल्या मनुष्यानें बसनें मानखुर्द गांठावें, हार्बरच्या गाडीनें कुर्ल्यास यावें, गाडी बदलून दादरला उतरावें, आणि पश्चिम रेल्वेची गाडी धरून ग्रँट रोड स्टेशनावर पाय ठेवावा. (अंधेरी ते ट्रॉम्बे अशी आगगाडी 1928 सालीं निघाली होती, ती 1934 सालीं बंद पडली.) एवढें करून दुकानांत मोहोरबंद पेटी मिळे ती हजार-दीड हजार रुपयांस, आणि तीही खपाऊ खेळांचीच : क्रिकेट, फुटबॉल, मोटारींच्या शर्यती. बाहेर फुटपाथवर तोच खेळ चोरट्या तबकडीवर शंभर-दीडशे रुपयांत पडलेला असे. दुकानांत ज्याचा पत्ता नाहीं असाही खेळ तेथें हटकून सांपडे.

कायद्यानें हा गुन्हाच होता व आहे. 1957 च्या लेखाधिकाराच्या कायद्यांत 1984 सालीं दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतीचा दर्जा मिळाला; म्हणजे खेळाची चोरटी नक्कल व कादंबरीची चोरटी आवृत्ति यांत कायदा भेद करीत नाहीं. तथापि हा व्यापार केवळ स्वस्ताईवर चालला, हें निदान अपुरें आहे. चोरटा माल गिऱ्हाइकापर्यंत पोंचत होता आणि खरा माल पोंचत नव्हता. मुलास चोरीचा माल घेऊं नको असें सांगणाऱ्या बापास, 'मग खरा कोठें मिळतो ?' या प्रश्नाचें उत्तर देतां येत नसे.

पुढें दुकानच घरीं येईल अशी सोय निघाली. अमेरिकेंतील बेलव्ह्यू येथील व्हॉल्व्ह या कंपनीनें 2003 सालीं 'स्टीम' नांवाची पेढी इंटरनेटवर उघडली. 2004 सालचा तिचा 'हाफ-लाइफ 2' हा खेळ तर पेटींतून घेतला तरी इंटरनेटवर या पेढीशीं जोडणी केल्यावांचून चालेना. आतां अंतराची अडचण जाऊन वहनाची आली. आपल्याकडे 2013 पर्यंत सेकंदास 256 किलोबिट एवढ्या वेगाच्या जोडणीसही सरकारी व्याख्येनें 'ब्रॉडबँड' म्हणत. या वेगानें साध्या डीव्हीडींत मावणारा 4.7 गिगाबाइटचा खेळ उतरवून घ्यावयास सुमारें 41 तास लागतात, आणि तेही वीज न जातां व तार न तुटतां. शिवाय महिन्याचें माप ठरलेलें. त्यावर गेलें कीं बिल वाढलें. 2015 सालीं 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' हा खेळ संगणकासाठीं पेटींत निघाला तो सात तबकड्यांवर. त्या काळीं पुष्कळ घरांना ही पेटी आणणेंच परवडण्याजोगें होतें.

दुसरी अडचण पैसे भरण्याची. 2015 च्या नोव्हेंबरपर्यंत स्टीमवर भारतांतील गिऱ्हाइकास किंमत डॉलरांत दिसे. नव्या मोठ्या खेळाची रूढ किंमत 60 डॉलर. तेव्हांच्या सुमारें 66 रुपयांच्या भावानें ते जवळजवळ चार हजार रुपये झाले. त्यासाठीं परदेशीं चालणारें कार्ड हवें, आणि तें मध्यमवर्गीय घरांत बहुधा नसे. त्या महिन्यांत रुपयांतील किंमती आल्या, 2016 सालीं जिओमुळें इंटरनेट स्वस्त झालें, आणि त्याच सालीं निघालेली यूपीआयची सोय पुढें या पेढीनेंही स्वीकारली. तीन वाटा एकामागून एक मोकळ्या झाल्या. 2017 पासून परदेशी विक्रेत्याच्या अशा मालावर 18 टक्के जीएसटी आहे, तो किंमतींतच धरलेला असतो.

रुपयांतील किंमत म्हणजे डॉलरचा नुसता हिशेब नव्हे. नाटक मंडळीनें मुंबईचा खुर्चीचा दर तालुक्याच्या गांवीं ठेवला तर तंबू रिकामा राहील. म्हणून ती दर उतरविते. खेळाची दुसरी प्रत काढावयास तर खर्च जवळजवळ नाहींच, तेव्हां जेथें उत्पन्न थोडें तेथें किंमत उतरविणें विक्रेत्यास परवडतें. पण स्वस्त गांवचें तिकीट घेऊन कोणी मुंबईच्या प्रयोगास येऊन बसला तर ? त्यासाठीं मुलुखाची कुलपें आलीं. तीं फार घट्ट केलीं म्हणून युरोपीय आयोगानें 2021 सालीं व्हॉल्व्ह व इतर पांच कंपन्यांस मिळून 78 लक्ष युरोंचा दंड केला. उलट 2023 च्या नोव्हेंबरांत आर्जेंटिना व तुर्कस्तान यांच्या घसरत्या नाण्यांतील किंमती बंद करून स्टीमनें तेथें डॉलर आणले, आणि तेथील गिऱ्हाईक एका रात्रींत महागाईंत सांपडलें. रुपयाची किंमत स्टीम फक्त सुचविते. ठरविणारा खेळाचा प्रकाशक. म्हणून दोन सारख्या खेळांच्या किंमतींत येथें दुपटीचें अंतर पडलेलें दिसतें.

या घडामोडीची एक गंमत अशी कीं, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें बनविलेला, आपल्या पुराणांतील देवासुरांवर रचलेला 'राजी' हा खेळ 2020 सालीं निघाला. आणि ट्रॉम्ब्याच्या घरांत तो येतो बेलव्ह्यूच्या पेढीकडूनच.

एक गोष्ट मात्र पूर्वींपेक्षां कमी झाली, आणि तिचा बोभाटा फारसा होत नाहीं. पेटींतील तबकडी ही मालकीची वस्तु होती. वसाहतींत ती या घरांतून त्या घरीं फिरे, खेळून झाल्यावर अर्ध्या किंमतीस विकतां येई. पेढीवरून मिळतो तो वापरण्याचा परवाना. तो विकतां येत नाहीं. 2025 च्या आरंभापासून कॅलिफोर्नियांत तर कायद्यानेंच विक्रेत्यास ही गोष्ट गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावी लागते. स्टीमनें 2024 सालीं एका घरांतील सहा जणांस आपापले खेळ सामाईक ठेवण्याची मुभा दिली. पण शेजारच्या बिऱ्हाडाचा मुलगा त्यांत मोडत नाहीं, आणि त्या कुटुंबांतून बाहेर पडणाऱ्या प्रौढास, आंत आल्यापासून वर्ष भरेपर्यंत, दुसऱ्या कुटुंबांत शिरतां येत नाहीं.