वात बारीक करणारा स्विच

कंदिलाच्या बाजूला एक छोटी चावी असायची. रात्रीची जेवणं आटोपली, अंथरुणं पडली की घरातलं कुणीतरी ती फिरवून वात बारीक करायचं. खोली एकदम अंधारात बुडायची नाही, हळूहळू निवत जायची. मग घराघरांत वीज आली आणि ती चावी गेली. खटका खाली केला की लख्ख उजेड, वर केला की मिट्ट काळोख. मधली सोय म्हणून आपण ‘झिरोचा बल्ब’ लावला. नाव झिरो असलं तरी तो दहा-पंधरा वॅट वीज घ्यायचा. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा लहान भार नीट नोंदवता येत नसे, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

कंदिलाची ती चावी आता ‘स्मार्ट डिमर’च्या रूपात भिंतीवर परत आली आहे. बोटानं, फोनवरून किंवा नुसतं बोलूनही तिनं उजेड कमी-जास्त करता येतो. ठरलेल्या वेळी दिवे आपोआप मंदही होतात. मात्र हौसेनं डिमर बसवलेल्या अनेक घरांत दिवे लुकलुकतात, गुणगुणतात किंवा बंद केल्यावरही मिणमिणत राहतात. बहुतेक वेळा यात डिमरचा दोष नसतो. डिमर, बल्ब आणि भिंतीतल्या वायरी या तिघांचं जमावं लागतं. त्यामुळे खरेदीचा क्रम आपल्या सवयीच्या उलट हवा: आधी बल्ब पाहा, मग भिंत पाहा, स्विच सर्वांत शेवटी निवडा.

दहा मिलिसेकंदांचा खेळ

आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची असते. म्हणजे तिची लाट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते. दोन शून्यांमधलं अंतर १० मिलिसेकंदांचं.

पूर्वी उजेड कमी करायचा तर विजेच्या वाटेत रोध घालावा लागे. पंख्याचा जुना, डब्यासारखा रेग्युलेटर आठवून पाहा. पंखा हळू केला की तो चांगलाच तापायचा, कारण वाचलेली वीज त्याच्या पोटात उष्णता होऊन जायची. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी जोएल स्पायरा यांनी वेगळा विचार केला. वीज अडवून जाळण्यापेक्षा तिची वाट अतिवेगानं बंद-चालू केली तर? त्यासाठी त्यांनी थायरिस्टर हा तेव्हा नवा असलेला अर्धवाहक घटक वापरला. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रूथ यांनी ल्युट्रॉन ही कंपनी सुरू केली आणि भिंतीतल्या साध्या खोक्यात मावणारा डिमर घराघरांत पोचला.

युक्ती समजायला सोपी आहे. १० मिलिसेकंदांपैकी पहिली ५ वाट बंद ठेवायची आणि उरलेली ५ उघडी. फिलामेंटच्या बल्बच्या बाबतीत ढोबळमानानं निम्मी ऊर्जा पोचते. तापलेली तार एवढ्या अल्प वेळात निवत नाही, म्हणून डोळ्यांना उजेड सलग दिसतो.

लाट कापायच्या तऱ्हा मात्र दोन आहेत. पुढून कापली तर तिला ‘लीडिंग एज’ म्हणतात. यात वाट उघडताच व्होल्टेज एकदम उसळी घेतं. स्वस्त डिमर याच पद्धतीचे असतात. मागून कापली तर ‘ट्रेलिंग एज’. यात लाट शून्यापासून नेहमीसारखी चढते आणि नंतर मधेच थांबवली जाते. धक्का कमी बसतो, आवाजही कमी येतो. एलईडीसाठी साधारणपणे ही दुसरी तऱ्हा जास्त मानवते.

एलईडी आला, गणित बदललं

फिलामेंटचा बल्ब साधाभोळा होता. मिळेल तेवढ्या विजेत तो तेवढाच तापायचा. एलईडी बल्बच्या बुडाशी मात्र ‘ड्रायव्हर’ नावाचं एक छोटं सर्किट बसलेलं असतं. वीज कमी-जास्त झाली तरी दिव्याला सारखाच प्रवाह देणं, हे त्याचं काम. म्हणजे डिमर वीज तोडतो आणि ड्रायव्हर ती तूट भरून काढायला धडपडतो. या ओढाताणीतच दिवा लुकलुकतो, आणि पुष्कळदा ड्रायव्हर लवकर जळतो.

म्हणून पहिला नियम असा: बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ असं छापलेलं असेल तरच तो डिमरवर लावावा. अशा बल्बचा ड्रायव्हर कापलेली लाट ओळखतो आणि त्या प्रमाणात उजेड उतरवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा साधा ९ वॅटचा बल्ब सहसा या जातीचा नसतो.

दुसरी गोष्ट किमान भाराची. फिलामेंटच्या जमान्यातल्या डिमरना नीट चालायला चाळीस-साठ वॅटचा भार लागायचा. त्यावर आज एकच ९ वॅटचा एलईडी लावला तर डिमरमधला खटका धड टिकून राहत नाही. त्यामुळे माहितीपत्रकात एलईडीसाठी किमान आणि कमाल किती वॅट लिहिले आहेत ते पाहावं आणि आपल्या दिव्यांची बेरीज त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसते का, हे तपासावं. फिलामेंटसाठी दिलेला मोठा आकडा एलईडीला लागू होत नाही.

तिसरी गोष्ट, स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट डिमर एकाच वाटेवर कधी जोडू नयेत. स्मार्ट बल्बला आतला संगणक जागा ठेवायला पूर्ण वीज लागते. दोघांपैकी एकच निवडावा. दिव्याच्या डिमरवर पंखाही चालवू नये. मोटार गुरगुरते आणि तापते. पंख्याला पंख्याचाच रेग्युलेटर हवा.

बल्ब आणि डिमरची जोडी जमली का, हे घरीच पाहता येतं. दिवा मंद करून त्याखाली पेन्सिल झरझर हलवा. पेन्सिलीच्या अनेक सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं लुकलुकतो आहे. फोनच्या स्लो मोशन व्हिडिओतही हे पट्ट्यांच्या रूपात दिसतं. असा उजेड काहींना डोकेदुखीचा त्रास देतो.

भिंतीच्या आत

साध्या स्विचला एकाच वायरीशी कर्तव्य असतं. फेज आत येते आणि दिव्याकडे जाते. स्मार्ट डिमरला मात्र दिवा बंद असतानाही स्वतः जागं राहावं लागतं, नाहीतर फोनची हाक त्याला ऐकू कशी येणार? त्यासाठी त्याला न्यूट्रल वायर लागते.

इथं आपल्या घरांना एक जमेची बाजू आहे. आपल्या बोर्डावर स्विचच्या शेजारी बहुधा एखादं सॉकेट असतं. सॉकेट असलं की तिथं न्यूट्रल आलेली असते. अडचण येते ती सुट्या स्विचला: पलंगाजवळचा, जिन्यातला, बाथरूमबाहेरचा. तिथं बिनन्यूट्रलचा डिमर बसवला तर तो आपला अल्प प्रवाह दिव्यातूनच ओढतो. फिलामेंटला तो जाणवतही नसे, पण एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. मध्यरात्री बंद दिवा अंधुक तेवताना दिसला तर कारण पुष्कळदा हेच असतं. दिव्याजवळ ‘बायपास’ नावाचा छोटा घटक जोडून यावर उपाय करता येतो, पण न्यूट्रल ओढून घेणं केव्हाही चांगलं.

जिन्यातल्या दिव्याला वर आणि खाली असे दोन स्विच असतात. तिथं टू-वे जोडणीला चालणारा डिमर लागतो, आणि तो एकाच टोकाला बसवायचा असतो. बोर्डाचा डबा पत्र्याचा असेल तर वाय-फायचे संकेत अडतात. बहुतेक स्मार्ट डिमर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, तेव्हा त्या जागी फोनला तो पट्टा नीट मिळतो का, हे आधीच पाहावं. शिवाय घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर डिमरचे दिवे जोडू नयेत. डिमर लाटेच्या चढ-उतारावर हिशेब करतो आणि या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते.

बसवताना

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं, पण आपण शेजारी उभं राहून चार गोष्टी नक्की पाहाव्यात.

एक, एमसीबी खाली केल्यावरही बोर्डात वीज असू शकते, कारण इन्व्हर्टरची वायर वेगळी येते. तोही बंद करावा. दोन, टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते पाहावं, मगच बोर्डातली प्रत्येक वायर तपासावी. बिघडलेला टेस्टर जीवघेणा ठरतो. तीन, काळी वायर न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग, हे रंग जुन्या घरांत पाळलेले असतीलच असं नाही. प्रत्येक वायर तपासूनच ठरवावी. डिमर नेहमी फेजवर बसतो. चार, डिमर काम करताना थोडा गरम होतो. वायरींची गर्दी झालेल्या डब्यात तो कोंबू नये.

डोळा आणि रात्र

उजेड निम्मा केला तरी तो डोळ्यांना निम्मा वाटत नाही. मंद उजेडात बाहुली मोठी होते आणि दृष्टी जुळवून घेते. दिव्यांचं तंत्र हाताळणारे एक ढोबळ हिशेब सांगतात: मोजलेला उजेड पाव उरला की डोळ्यांना तो निम्मा भासतो. चांगला डिमर आपली पट्टी या हिशेबानं आखतो. हलक्या डिमरवर मात्र सगळा फरक शेवटच्या इंचभर जागेतच पडतो.

विजेच्या बचतीचं काय? ९ वॅटचा एक बल्ब रोज चार तास चालला तर वर्षाला सुमारे १३ युनिट लागतात. तो पाव प्रखरतेवर चालवला तर त्यातली दहाएक वाचतील. पण डिमर स्वतः सतत एक वॅट घेत असेल, तर वर्षाची पावणेनऊ युनिट त्यातच गेली. तेव्हा एका बल्बसाठी बिल वाचवायला डिमर घेऊ नये. छतात दहा-बारा दिवे असलेल्या दिवाणखान्यात गणित थोडं बरं जमतं.

खरा लाभ रात्रीचा आहे. डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी थेट प्रकाश ओळखतात आणि शरीराच्या घड्याळाला दिवस आहे की रात्र ते कळवतात. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. आपल्या घरांत आवडीनं लावला जाणारा ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र दिवा रात्री दहालाही या पेशींना दिवस असल्याचंच सांगतो, आणि झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा स्रवतं. एलईडी मंद केला तरी फिलामेंटसारखा तांबूस होत नाही. म्हणून झोपण्याच्या खोलीत २७०० केल्व्हिनचा पिवळसर डिमेबल बल्ब लावावा आणि रात्री तो खाली आणावा.

स्विच निवडण्याची पाळी शेवटी येते, तेव्हा दुकानात एकच गोष्ट हट्टानं करून पाहावी. विक्रेत्याला फोन खिशात ठेवायला आणि इंटरनेट बंद करायला सांगावं. नुसत्या बोटानं, न पाहता, चाचपडत तो उजेड कमी-जास्त होतो का? घरातल्या आजीला रात्री उठल्यावर ॲप उघडावं लागता कामा नये. कंदिलाची चावी अंधारातही हाताला सापडायची. या नव्या चावीकडूनही तेवढी अपेक्षा ठेवायलाच हवी.