कतारगामच्या हातगाडीवरचा चौकोन

उंधियूसाठी वालपापडी कतारगामचीच, असे सुरतेत ठणकावून सांगितले जाते. शेते शहराच्या पोटात गेली, त्यांच्या जागी हिऱ्यांचे कारखाने आणि जीआयडीसीचे गाळे आले, पण पापडीचा मान टिकला. संक्रांतीच्या तोंडावर भाव चढतो, गिऱ्हाईक पावशेर-अर्धा किलो मागते आणि गाडी सुट्ट्यांवर येऊन अडते. अडायची, असे म्हणायला हवे. आता तराजूशेजारी क्यूआर कोड टांगलेला असतो.

हा चौकोन पैशासाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये डेन्सोच्या मासाहिरो हारा यांनी सहकाऱ्यांसह तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतले ठसठशीत चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून कागद उलटा लटकला तरी चालते. शिवाय मजकुराबरोबर दुरुस्तीची जादा माहितीही त्यात भरलेली असते. ती सर्वांत वरच्या पातळीची असेल तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. भिजलेला, चुरगळलेला, मातकट बोटांचे ठसे उमटलेला कागदही म्हणूनच काम देतो. पैसे त्या कोडमध्ये नसतातच. असतो तो विक्रेत्याचा यूपीआय पत्ता आणि नाव. रक्कम गिऱ्हाईक स्वतः टाकते. दुकानाच्या यंत्राने दर बिलाला नवा कोड काढला, तर रक्कमही त्यातच येते.

यूपीआयची घोषणा रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत केली, तेव्हा तिच्या चाचणीत २१ बँका होत्या. पण बाजाराला खरा धक्का बसला तो त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री, नोटाबंदीने. कतारगाममध्ये रत्नकलाकाराची, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिराची, मजुरी नगावर ठरते आणि तेव्हा ती बहुतेक रोखीतच हाती पडत असे. सुरतेतल्याच लिंबायत-उधन्याच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी कामगाराचेही तेच. नोटाच अडकल्यावर चहावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचीच कोंडी झाली.

त्या काळात दुकानांत वॉलेट कंपन्यांचे कागद चिकटले. अडचण अशी, की ज्याचे वॉलेट त्याचाच कोड. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये दुसरेच अॅप निघाले की पुन्हा सुट्ट्यांची शोधाशोध. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआर आला, तरी जुने कागद भिंतीवर राहिलेच. मग रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० साली आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आदेश निघाला : एकाच कंपनीपुरते चालणारे नवे कोड काढायचे नाहीत, जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना खुले करायचे. या प्रवासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. फोनमध्ये कोणाचे अॅप आहे, हे पापडीवालीला विचारावे लागत नाही, ते या आदेशामुळे. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, याचाही वाटा मोठा. वीस रुपयांच्या विक्रीत कापून जायला उरते काय?

प्रश्न उरला विश्वासाचा. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे निघाले. गर्दीत हात मोकळे नसताना दर वेळी फोन कोण तपासणार? त्यावर बोलका डबा आला आणि रक्कम मोठ्याने, आपल्या भाषेत ऐकू येऊ लागली. महिन्याचे भाडे देऊनही विक्रेते तो ठेवतात. भामट्यांनी मग वेगळा डाव टाकला : पैसे हवेत ना, हा कोड स्कॅन करून पिन टाका. घेणाऱ्याला पिन कधीच लागत नाही, हे न कळलेल्यांची खाती रिकामी झाली. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, ती फसवणूक रोखण्यासाठीच.

विक्रेत्यापुढचे ताजे संकट मात्र वेगळे आहे. बंगळुरूत जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि काहींनी कोडच उतरवून फक्त रोख घेणार, अशा पाट्या लावल्या. फसवणुकीचा पैसा कोणा गिऱ्हाइकाकडून नकळत खात्यात आला, म्हणून विक्रेत्याचे अख्खे खाते गोठवल्याचे प्रकारही देशात ठिकठिकाणी घडले. वादातली रक्कम तेवढी रोखावी आणि बाकीचे खाते चालू ठेवावे. नाहीतर पहाटे बाजारातून माल उचलायला त्या माणसाकडे पैसा कुठून येणार?