‘रसेट’ : एका रंगशब्दामागील इतिहास

इंग्रजीत ‘रसेट’ म्हणजे तांबूस तपकिरी रंग. खरबरीत, तपकिरी सालीच्या सफरचंदांनाही हेच नाव आहे. परंतु मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा शब्द केवळ रंगाचा नव्हता. तो एका जाड्याभरड्या लोकरी कापडाचाही होता आणि ते कापड कष्टकऱ्यांचे होते.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘रुसस’, अर्थात तांबडा. जुन्या फ्रेंच भाषेत त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘किंचित तांबूस’ असा अर्थ झाला. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही राज्यकर्त्या वर्गाची भाषा बनली आणि तिच्यातून असे अनेक शब्द इंग्रजीत आले. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत कापडाच्या रुंदीविषयी एक कलम आहे. त्यात रंगविलेले कापड आणि रसेट यांचा उल्लेख वेगवेगळा येतो. म्हणजे तोवर रसेट हा कापडाचा स्वतंत्र प्रकार मानला जात होता. त्याची छटाही एकच नसे. ते तांबूस, तपकिरी किंवा करडेही असे.

१३४८-४९ मध्ये इंग्लंडमध्ये प्लेगची महामारी आली. असंख्य माणसे मेली, मजुरांची टंचाई झाली आणि मजुरी वाढू लागली. ती रोखण्यासाठी १३५१ मध्ये मजूरविषयक कायदा झाला. हाती चार पैसे आलेली सामान्य माणसे बरे कपडे घालू लागली, हेही वरिष्ठांना खुपले. १३६३ मध्ये संसदेने कोणी कोणते वस्त्र ल्यावे हे दर्जानुसार ठरवून दिले. नांगरे, गाडीवान, गुराखी, मेंढपाळ आणि ज्यांची मालमत्ता ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे अशांनी ‘ब्लँकेट’ आणि ‘रसेट’ याच साध्या लोकरी कापडांचे कपडे घालावेत, असे त्यात म्हटले होते. रंगाचा शब्द आता माणसाची पायरी सांगू लागला. वस्त्रावरून माणसाचे स्थान ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याउलट ‘स्कार्लेट’ हेही आरंभी कापडाचेच नाव होते. पण ते अतिशय महागडे, श्रीमंतांचे कापड. किरमिजी कीटकांपासून काढलेल्या मौल्यवान रंगाने ते रंगवीत. पुढे तेही रंगाचेच नाव झाले.

१३६३ चा कायदा फार काळ टिकला नाही. लवकरच तो रद्द झाला. रसेटलाही वेगळी प्रतिष्ठा मिळाली. चौदाव्या शतकातील ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात सन्मार्गाचा शोध घेणारा निवेदक रसेट पांघरूनच भटकतो. १६४३ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलने एका पत्रात, नुसत्या नावाच्या सरदारापेक्षा आपण कशासाठी लढतो हे जाणणारा साधा रसेटधारी कप्तान आपणास अधिक प्रिय आहे, असा आशय मांडला.

आज ते कापड गेले, रंगाचे नाव उरले. विद्यार्थ्यांनी शब्दकोश उघडताना शब्दाचा अर्थ तर पाहावाच. पण तो शब्द कोणाच्या अंगावर होता आणि तो कोणी चढविला, हेही विचारावे.