गाडीतला चार्जर : रुग्णाच्या प्रवासाची एक तयारी

काही महिन्यांपूर्वी बोर्डीतील माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाला हृदयाच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचे होते. पहाटे निघताना मुलीने आपला मोबाईल गाडीतल्या यूएसबी खोबणीला जोडला; चारोटीला महामार्गाला लागल्यावर नकाशाही सुरू ठेवला. रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत मोबाईल बंद पडला होता. औषधांची यादी, जुने अहवाल, माझा क्रमांक, सारे त्यातच. आजोबा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असत. तिचे नाव आणि मात्रा कळल्याविना तेथील डॉक्टरांना पुढे जाता येईना. मोबाईल सुरू होईपर्यंत तासभर गेला. त्या दिवशी निभावले. प्रसंग तातडीचा असता, तर तोच तास महागात पडला असता.

केबल जोडलेली असूनही मोबाईल का भरला नाही? अनेक गाड्यांतील यूएसबी खोबण मुळात गाणी ऐकण्यासाठी दिलेली असते. तिच्यातून बहुधा ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट वीज मिळते. नकाशा आणि पडदा सतत चालू असलेला मोबाईल तेवढी सहज खर्च करतो. म्हणून गाडीच्या १२ व्होल्टच्या गोल सॉकेटमध्ये बसणारा स्वतंत्र चार्जर घ्यावा.

त्याला टाइप-सी खोबण असावी आणि त्यावर पॉवर डिलिव्हरी, म्हणजेच ‘पीडी’, असे लिहिलेले असावे. एका खोबणीतून २० ते ३० वॅट मिळाले तरी पुरे. खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा सर्व खोबण्यांचा मिळून असतो, हे ध्यानात ठेवावे. जास्त वॅटचा चार्जर मोबाईल जाळतो, ही भीती निराधार आहे; मोबाईल मागेल तेवढीच वीज तो घेतो. धोका असतो तो निकृष्ट बनावटीचा. हाताला चटका बसण्याइतका तापणारा किंवा सॉकेटमध्ये सैल बसणारा चार्जर वापरू नये.

केबलही तितकीच महत्त्वाची. २०२३ मधील आयफोन १५ पासून आयफोनलाही टाइप-सी खोबण आली. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंग टोकाची केबल लागते. लांबी सुमारे एक मीटर ठेवावी. फार लांब आणि बारीक केबलमध्ये वीज वाया जाते, शिवाय ती चालकाच्या पायांत अडकू शकते. टाइप-सी टोक उलटसुलट कसेही बसते. कापऱ्या हातांना आणि मंद दृष्टीला हा मोठाच दिलासा. केबलच्या टोकाजवळ रंगीत पट्टी गुंडाळली, तर ती चटकन सापडते.

आपल्या किनाऱ्यावरील खारी हवा धातूला गंजवते. टोकावर हिरवट थर दिसला, तर केबल बदलावी. खोबण ओली असताना ती जोडू नये. उन्हात मोबाईल काचेखाली ठेवू नये. फार तापला की तो भरणे मंदावते किंवा थांबते, आणि बॅटरीचे आयुष्यही घटते.

ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी विशेष जपावे. चुंबकाचे मोबाईल-स्टँड पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर, तर बिनतारी चार्जर किमान ३० सेंटीमीटर दूर असावेत. मोबाईल छातीवरच्या खिशात ठेवू नये.

नवा चार्जर आणल्यावर नकाशा सुरू ठेवून गाडीतून अर्धा तास फिरून यावे. टक्केवारी वाढली, तर निवड योग्य. ही परीक्षा घराजवळच घ्यावी, रुग्णाला नेण्याच्या दिवशी नव्हे.

तरीही यंत्र कधी दगा देईल, सांगता येत नाही. म्हणून औषधांची नावे व मात्रा, ॲलर्जी, आजार आणि दोन जवळचे क्रमांक कागदावर ठळक अक्षरांत लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवावेत. त्या आजोबांच्या खिशात आता असा कागद असतो. गाडीत चार्जरही आहे.