ध्वनिक्षेपक, स्थिरविद्युत् व सपाट पटलाचे

विद्युत् संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीला ध्वनिक्षेपक म्हणतात. नेहमीच्या ध्वनिक्षेपकात शंकूच्या आकाराचे पटल तारेच्या वेटोळ्याने एका टोकाकडून ढकलले जाते. शंकू तुलनेने जड असल्यामुळे उच्च कंप्रतेस त्याचे सर्व भाग एकसमान हलत नाहीत. याउलट अतिशय पातळ, सपाट पटलाच्या संपूर्ण पृष्ठभागावर प्रेरणा लावल्यास ते संकेताबरोबर तत्काळ हलते व थांबते. तंबोऱ्याच्या जव्हारीतील बारकावे अशा ध्वनिक्षेपकातून विशेष स्पष्ट ऐकू येतात, ते यामुळेच.

स्थिरविद्युत् प्रकारात सु. ६ ते १२ मायक्रोमीटर जाडीचे पॉलिएस्टराचे पटल दोन सच्छिद्र विद्युत् अग्रांच्या मधोमध ताणलेले असते. पटलावर काही हजार व्होल्ट दाबाने विद्युत् भार ठेवतात आणि संकेत रोहित्राने वाढवून अग्रांना देतात. पटलावरील लेपाचा रोध फार मोठा ठेवल्याने भार जवळजवळ स्थिर राहतो व प्रेरणा संकेताच्या प्रमाणात मिळते. हवेची विद्युत् सहनशक्ती दर मिमी.स सु. ३,००० व्होल्ट असल्याने दाबाला मर्यादा पडते. अग्रांमधील अंतरही लहान ठेवावे लागते, म्हणून पटलाची हालचाल थोडी व क्षेत्रफळ मोठे असते. एडवर्ड केलॉग यांना या प्रकाराचे अमेरिकी एकस्व १९३४ मध्ये मिळाले, तरी घरगुती वापराचा पूर्ण पल्ल्याचा यशस्वी संच इंग्लंडमधील पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये क्वाड या नावाने बाजारात आणला.

सपाट चुंबकीय प्रकारात पटलावर तारा किंवा धातूच्या पट्ट्या चिकटवून ते चुंबकांच्या रांगेसमोर ताणतात. अमेरिकेतील जिम वायनी यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या मॅग्नेपॅन कंपनीमुळे हा प्रकार रूढ झाला. याला उच्च दाब लागत नाही आणि त्याचा संरोध बहुतांशी शुद्ध रोधासारखा, पुष्कळदा ४ ओहमच्या आसपास असतो. स्थिरविद्युत् संच मात्र विवर्धकाला धारित्रासारखा भासतो. उच्च कंप्रतेस त्याचा संरोध २ ओहमच्याही खाली जाऊ शकतो. अशा भारावर अस्थिर होणारा विवर्धक कितीही वॉटचा असला, तरी निरुपयोगी ठरतो. उलट, शक्तिशाली विवर्धकाने पटल व अग्र यांच्यात ठिणगी पडून जुना संच कायमचा निकामी होऊ शकतो.

दोन्ही प्रकार पुढे व मागे सारखाच ध्वनी सोडतात. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ३.४ मी. असल्याने मागील तरंग अरुंद पटलाला वळसा घालून पुढच्याला बऱ्याच अंशी नाहीसा करतो. डग्ग्याचा घुमारा फिका वाटतो, तो त्यामुळे. संच भिंतीपासून निदान १ मी. पुढे ठेवावा लागतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मग ऐकणाऱ्यास बसायला फारशी जागा उरत नाही. तेथे साधी चांगली पेटीच घेणे शहाणपणाचे.

हवामानाचा प्रश्न खरेदीच्या वेळी सहसा विचारला जात नाही. भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी १,२०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. वैनगंगेचा काठ, असंख्य तलाव आणि पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या यांमुळे या महिन्यांत हवा दमट असते. दमट हवेत निरोधकांच्या पृष्ठावरून भार गळतो, आवाज क्षीण होतो व चरचर ऐकू येते. भारित पटल धूळही ओढून घेते आणि उन्हाळ्यात कौलारू घरांत धुळीचा तोटा नसतो. विक्रेत्याच्या वातानुकूलित दालनात ऐकलेला स्थिरविद्युत् संच श्रावणात तसाच वाजेल, असे मानू नये. अशा घरासाठी सपाट चुंबकीय प्रकार अधिक निर्धोक होय. स्थिरविद्युत् संचच हवा असेल, तर बंद व कोरडी खोली, धूळरोधक आवरण शाबूत असणे आणि दुरुस्तीची सोय या गोष्टी आधी पाहाव्यात. वीज बंद केल्यावरही आत भार काही काळ टिकतो, म्हणून आवरण घरी उघडू नये.

सपाट चुंबकीय संच जुना असल्यास तारा चिकटवणारा गोंद तपासावा. उष्णता व उन्हामुळे तो सुटतो आणि मोकळी झालेली तार विशिष्ट स्वरांना खरखरते. घेण्यापूर्वी हार्मोनियमचा एकेक स्वर चढत्या क्रमाने वाजवलेले ध्वनिमुद्रण ऐकल्यास हा दोष लवकर सापडतो.