टोपीकरांची सुरत: हजीरा ते कतारगाम, हिवाळ्यातील दोन दिवस

मुंबईच्या आधी पश्चिम हिंदुस्थानातील इंग्रजांची राजधानी सुरत होती. १६१३ साली इथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार कायम झाली आणि १६८७ मध्ये मुख्य ठाणे मुंबईला हलेपर्यंत या किनाऱ्यावरचा कंपनीचा कारभार तापीकाठच्या त्या वखारीतून चालला. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हा सुरतेचा प्रेसिडेंटच मुंबईचा गव्हर्नर झाला. इंग्रजांच्या शेजारी वलंदेज म्हणजे डच होते, पुढे फरासीस म्हणजे फ्रेंचही आले. आर्मेनियन व्यापारी होतेच. लंडन, ॲमस्टरडॅम आणि लिस्बन या राजधान्यांचा पैसा नि चुरस सतराव्या शतकात ज्या एका हिंदी बंदरात समोरासमोर आली, ते बंदर मुंबईहून रेल्वेने २६३ किलोमीटरवर आहे. एखाद्या ऐतिहासिक राजधानीत मित्रासोबत थंडीचे दोन दिवस पायी भटकायचे असतील, तर मराठी माणसाला सुरत जवळची आहे.

हंगाम

सुरतेला जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी तिशीपर्यंत चढतो. जुन्या शहराच्या गल्ल्या आणि दफनभूमी उन्हाळ्यात फिरण्यासारख्या नाहीत; हिवाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालता येते. युरोपीय जहाजांचा हंगामही हाच होता. पावसाळ्यात बंदर बंद असे, सप्टेंबरनंतर गलबते येऊ लागत आणि हिवाळ्याच्या वाऱ्यावर माल भरून परत निघत. सुरतेच्या इतिहासातील अनेक मोठ्या घटना नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत घडल्या आहेत, हा योगायोग नाही.

सुवाली: समुद्राकडून सुरुवात

टोपीकर म्हणजे युरोपीय माणूस सुरतेत समुद्रावरून आला, म्हणून शहर समजून घ्यायचे तर सुरुवात किनाऱ्यापासून करावी. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, खानदेश ओलांडते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेच्या खाली अरबी समुद्राला मिळते. मुखाच्या दक्षिणेला डुमस आणि उत्तरेला हजीरा. हजीऱ्याच्या वरच्या अंगाला सुवालीचा किनारा लागतो. इंग्रजी कागदपत्रांतले ‘स्वॅली’ ते हेच.

नदीच्या तोंडाशी गाळ साचलेला असल्याने खोल बुडाची जहाजे थेट सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. सुवालीला मात्र किनारा आणि समुद्रातला वाळूचा दांडा यांच्यामध्ये एक खोल पट्टा होता, सुमारे ११ किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद. बाहेरच्या लाटा दांड्यावर फुटत आणि आत जहाजे निर्धास्त नांगर टाकत. हंगामात किनाऱ्यावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहत, सुरतेचे वाणी दुकाने थाटत, आणि कापूस, नीळ, कापडाच्या गाठी बैलगाड्यांतून येत.

२९ आणि ३० नोव्हेंबर १६१२ रोजी या पाण्यात निर्णायक झुंज झाली. कॅप्टन थॉमस बेस्टच्या ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘ओसिअँडर’ या जहाजांनी पोर्तुगिजांच्या चार गॅलिऑन जहाजांना तोंड दिले. पोर्तुगीज जहाजे अवजड होती आणि त्यांचे बुडही खोल होते. इंग्रज तुलनेने हलके. उथळ पाण्यात हा फरक कामी आला आणि पोर्तुगीज जहाजे वाळूत रुतली. तोवर समुद्रावर पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय जहाज हाकणे कठीण होते. त्यांना अडवू शकणारा दुसरा कोणी आहे, हे मोगल अधिकाऱ्यांनी पाहिले. पाठोपाठ, जानेवारी १६१३ मध्ये, इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली. जानेवारी १६१५ मध्ये निकोलस डाउन्टनने इथेच पोर्तुगिजांना पुन्हा रोखले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडचा वकील सर थॉमस रो सुवालीला उतरला.

आज ओहोटीच्या वेळी सुवालीला दूरवर काळसर, ओलसर वाळू उघडी पडते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे आणि पाणी वेगाने चढते, त्यामुळे इथे पोहायला उतरणे धोक्याचे. हेच उथळ पाणी १६१२ च्या लढाईत निर्णायक ठरले होते, आणि ते समजण्यासाठी तासभर किनाऱ्यावर उभे राहणे पुरेसे आहे.

राजगरीचा घुमट

सुवालीजवळ राजगरी गावात मुसलमानी धाटणीचा एक छोटा घुमट आहे. टॉम कोर्याटचे थडगे म्हणून तो ओळखला जातो आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत त्याची नोंद आहे. शहरे पाहण्यासाठी प्रवास करण्याची हौस युरोपात ज्यांनी रुजवली, त्यांतला कोर्याट हा आघाडीचा माणूस. १६०८ मध्ये तो इंग्लंडहून व्हेनिसला गेला आणि परतीची बहुतेक वाट पायी चालून आला. १६११ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात व्हेनिसचे चौक, चर्च, बाजार आणि जेवणाच्या रीती बारकाईने येतात. इटालियन लोक जेवताना काटा वापरतात हे इंग्रज वाचकांना सांगणाऱ्या पहिल्या लेखकांत तो होता.

त्यानंतर तो कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो आणि इराण करत १६१५ मध्ये अजमेरला पोहोचला. अलेप्पोपासूनची वाट त्याने पायी आणि अत्यल्प खर्चात कापली. फारसी शिकून त्याने जहांगीरपुढे भाषण केले आणि बादशहाकडून १०० रुपये मिळवले. एका इंग्रजाने असे हात पसरावेत हे वकील थॉमस रोला रुचले नाही. डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत त्याचे निधन झाले. शहरे पाहत हिंडण्याचा आनंद ज्याने इंग्रजी वाचकांना दिला, त्याचा शेवटचा मुक्काम हजीऱ्याच्या या पट्ट्यात पडला.

आजचा हजीरा

हजीरा एकेकाळी हवापालटासाठी जाण्याचे शांत गाव होते. १९८० च्या दशकात समुद्रातला नैसर्गिक वायू इथे किनाऱ्यावर आणला गेला आणि गावाचे रूप पालटले. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही देशातली महत्त्वाची वायुवाहिनी इथूनच निघते. ओएनजीसीचा वायुप्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, आर्सेलर मित्तल निप्पॉनचा पोलाद कारखाना, लार्सन अँड टुब्रोचा अवजड अभियांत्रिकी प्रकल्प आणि खोल पाण्याची बंदरे अशी रांग इथे उभी आहे. लष्कराच्या के-९ वज्र तोफाही हजीऱ्यातच जुळवल्या गेल्या. मोठ्या जहाजाला लागणारे पाणी आणि त्यामागे सुरतेची बाजारपेठ, या दोन गोष्टींसाठी इंग्रज कंपनी इथे थांबली होती. आजचे बंदरही त्यांच्याच जोरावर चालते.

नोव्हेंबर २०२० पासून हजीरा ते सौराष्ट्रातले घोघा अशी रो-पॅक्स फेरी सुरू झाली. रस्त्याने सौराष्ट्राला जाताना पडणारा सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा तिच्यामुळे ९० किलोमीटरवर आला. प्रवासी गाडीसकट बोटीत चढू शकतात. कारखान्यांच्या आवारात मात्र परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून पर्यटकाचा हजीरा म्हणजे सुवालीचा किनारा, राजगरी आणि फेरीचा धक्का.

किल्ला आणि मुगलसराई

शहरातली पहिली जागा तापीकाठचा किल्ला. पोर्तुगिजांनी सुरत वारंवार जाळली, म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमाने खुदावंद खानाने तो १५४० च्या दशकात बांधला. १५७३ मध्ये तो अकबराच्या हाती गेला, तर १७५९ मध्ये इंग्रजांच्या. सुरत महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून आत संग्रहालय मांडले आहे. बुरुजावरून नदी दिसते. हजला जाणारी जहाजे इथून सुटत, म्हणून सुरतेला मक्केचे द्वार म्हणत.

किल्ल्यापासून चालत मुगलसराई गाठता येते. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, प्रवाशांसाठी ही सराई उठली. आज तिथे महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या कमानींखाली लोक कर भरायला येतात. आमलीरानमध्ये गुजराती कवी नर्मद यांचे घर जपले आहे. झांपा बाजारचा घड्याळाचा मनोरा, बोहऱ्यांची देवडी आणि पारशांच्या अग्यारी हेही याच फेरफटक्यात येतात.

कतारगामची थडगी

युरोपीय सुरत सर्वांत ठळक दिसते ती दफनभूमीत. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी दफनभूमीत वखारीचे अधिकारी ऑक्झेंडन बंधू यांचे थडगे आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, सर जॉर्ज १६६९ मध्ये. दोघांवर मिळून दुमजली, घुमटाची इमारत आहे, उंची सुमारे ४० फूट. जाड खांब, कमानी आणि वर जाणारा जिना पाहताना एखाद्या मोगल सरदाराची कबर आठवते. वखारीचे अधिकारी व्यापारी असले, तरी सुरतेत त्यांना उमरावाच्या थाटाने राहावे लागे, आणि तो थाट त्यांनी मृत्यूनंतरही सोडला नाही. मुंबईची घडी बसवणारा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर हाही १६७७ मध्ये सुरतेतच वारला.

जवळच वलंदेज आणि आर्मेनियन दफनभूमी आहे. तिथली सर्वांत मोठी वास्तू हेंड्रिक व्हान रेडे याची, अष्टकोनी आणि दुमजली. इंग्रजांवर मात करण्यासाठी डचांनी ती इतकी भव्य केली, असे सांगतात. व्हान रेडे मलबारचा डच गव्हर्नर होता. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावर त्याचा मृत्यू झाला. ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा १२ खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करवून घेतला. या कामात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. पहिल्या खंडात त्यांचे कोकणी निवेदन नागरी लिपीत छापले आहे. देवनागरीच्या छपाईच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. त्यामुळे या डच थडग्यासमोर मराठी-कोकणी वाचकाने जरूर थांबावे.

मराठी खुणा

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले आणि चार दिवस शहर लुटले गेले. मोगल सुभेदार इनायत खान किल्ल्यात लपून बसला. बडे व्यापारी विरजी व्होरा यांची पेढी आणि हाजी सय्यद बेग यांची हवेली फुटली. सर जॉर्ज ऑक्झेंडनने मात्र वखारीची मोर्चेबंदी करून ती वाचवली. तेव्हा शहराला पक्का तट नव्हता. तो या लुटीनंतर आला. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले आणि परतताना वणी-दिंडोरीला मोगल फौजेचा पराभव केला. मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदराला संरक्षण नाही, हे दोन्ही वेळा उघड झाले. इंग्रज कंपनीलाही तटबंदीच्या मुंबईचे मोल त्यातून कळले आणि पुढे राजधानी तिकडे गेली.

२६ आणि २७ डिसेंबर १९०७ रोजी राष्ट्रसभेचे म्हणजे काँग्रेसचे गाजलेले अधिवेशन सुरतेत भरले. ते मुळात नागपूरला व्हायचे होते. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदावरून वाद पेटला, लोकमान्य टिळक बोलायला उभे राहिले आणि मंडपात गोंधळ झाला. व्यासपीठाकडे फेकलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. जहाल आणि मवाळ वेगळे झाले, ते १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत.

आजही नाते तितकेच घट्ट आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडून तापी खोऱ्यातल्या रेल्वेने आलेली कुटुंबे उधना आणि लिंबायत भागात वसली आहेत. यंत्रमाग आणि कापड गिरण्यांत खानदेशी हात आहेत, अहिराणी बोल कानी पडतात. येवल्याच्या पैठणीला लागणारी जरही मोठ्या प्रमाणात सुरतेहून येते.

हिवाळ्याचे खाणे

सुरतेची थंडी म्हणजे पोंक. मराठी हुरड्याचा हा सख्खा भाऊ. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यात भाजतात, कापडात घालून काठीने झोडतात आणि दाणे पाखडून वेगळे करतात. हिरवागार, मऊ दाणा लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. त्याचेच वडे आणि पॅटिसही होतात. दाणा गरम असतानाच चव लागते, म्हणून पोंक घरी बांधून न्यायच्या आधी तिथेच खावा.

उंधियूत सुरती पापडी, रताळी, जांभळा कंद, वांगी आणि मेथीचे मुठिये एकत्र शिजतात. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पतंग उडवताना गच्चीवर उंधियू-जिलेबी असतेच. सकाळी वाफाळता लोचो, डुमसला टोमॅटोची भजी. डच वखारीच्या भट्टीचा वारसा सांगणाऱ्या डोटीवाला बेकरीतली नानखटाई आणि बटर बिस्किटे म्हणजे खाण्यातला शिल्लक राहिलेला युरोप.

दोन दिवसांची आखणी

मुंबईहून फ्लाइंग राणी ही जुनी लोकप्रिय गाडी सुरतेला नेते. खानदेशातून भुसावळ-सुरत लोहमार्ग, नाशिकहून सापुताऱ्याचा रस्ता. पहिल्या दिवशी ओहोटीची वेळ पाहून सुवाली आणि राजगरी करावे. तिकडे बस मोजक्या, त्यामुळे दोघांत गाडी ठरवणे सोयीचे पडते. परतताना नदीकाठी पोंक. दुसऱ्या दिवशी सकाळी कतारगामच्या दफनभूमी, दुपारी मुगलसराई आणि नर्मदांचे घर, शेवटी किल्ला. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. उत्तरायणाच्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. त्या गर्दीला टाळायचे असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा शेवट निवडावा. दोन्ही वेळी थंडी असते आणि पोंकही मिळतो.